आठ तासांचं नागपूर चार दिवसांत गाठा

५ जून २०२५ ला इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग पुरा झाला. ७०१ किलोमीटर, दहा जिल्हे. तेव्हापासून अंधेरीतल्या सोसायट्यांमध्ये एक बेत सारखा कानावर येतो. शुक्रवारी ऑफिस सुटलं की निघायचं, मुलं मागे झोपतील, आठ तासांत नागपूर.

तुमचाही असा बेत चालला असेल तर थोडं ऐकून घ्या. जरूर जा. मुलांना आडवा महाराष्ट्र दाखवायची इतकी चांगली सोय आधी नव्हती. पण रात्री निघू नका, आणि आठ तासांच्या मागे लागू नका.

आठ तास हा रस्त्याचा हिशेब आहे. त्यात शू धरलेली नाही, ओकारी धरलेली नाही, सीटवर सांडलेलं दूध धरलेलं नाही. अंधेरीपासून आमण्यापर्यंतचा रस्ताही त्यात नाही. जेव्हीएलआर, ईस्टर्न एक्सप्रेस, ठाणे, मग भिवंडी बायपास. शुक्रवारी संध्याकाळी एवढ्यातच मुलं रडकुंडीला येतात आणि मोठ्यांची भांडणं सुरू होतात.

त्यात गाडी चालवणारा माणूस सकाळपासून जागा असतो. दिवसभर सीप्झला किंवा मरोळला राबलेला. रात्री दोन ते पाच शरीर झोप मागतंच, चहाने ती फार तर थोडी पुढे ढकलली जाते. समृद्धीवर फारशी वळणं नाहीत, समोरून गाडी नाही. सरळ रस्ता डोळ्यांना गुंगी आणतो. डोळा लागला हे डोळा लागलेल्याला कळत नाही.

१ जुलै २०२३ ला सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली. २५ माणसं गेली. कारणांवर पुष्कळ बोललं गेलं. वेळ रात्री दीडच्या सुमाराची होती, एवढं लक्षात ठेवा.

तेव्हा शनिवारी पहाटे निघा. शुक्रवारी सामान भरून ठेवा, रात्री दहाला झोपा, साडेपाचला गाडी गेटबाहेर काढा. मुलांना रात्रीच्या कपड्यांतच उचलून बसवलं तरी चालतं. दात रस्त्यात घासता येतात.

आणि रोज अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोचा. हा एक नियम पाळलात तर बाकीचं बरंचसं आपोआप जमतं.

आता वाटेचं सांगतो.

पहिल्या दिवशी वेरूळ गाठा. अंधेरीपासून सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. इगतपुरीजवळचा पावणेआठ किलोमीटरचा बोगदा लागेल तेव्हा मुलांना जागं ठेवा, त्यांना गंमत वाटेल. बोगद्यात थांबायचं नाही आणि फोटोसाठी वेग कमी करायचा नाही. नंतर शिर्डीला उतरून पोटभर खा, पाय मोकळे करा. दौलताबादजवळ महामार्ग सोडा. दुपारी तीन-चारपर्यंत खोलीवर पोचाल. मुलांना तासभर मोकळं खेळू द्या.

दुसरा दिवस लेण्यांचा. गाडी जागची हलवू नका. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, तेवढा वार बघून निघा. सकाळी लवकर कैलास लेणं बघा, दुपारी झोपा.

तिसऱ्या दिवशी सिंदखेड राजा आणि लोणार. चौथीत शिवाजी महाराजांचा इतिहास शिकलेल्या मुलाला जिजाऊंचं जन्मस्थान दाखवायला वेगळं काही समजावावं लागत नाही. मेहकरला उतरलात की लोणार फार लांब नाही. चौथ्या दिवशी सकाळी लोणारहून निघालात तर दुपारच्या जेवणाला नागपूर.

लोणारबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण ते अंधेरीच्या मुलांना जवळचं आहे. निघायच्या आधीच्या एखाद्या रविवारी मुलांना गिल्बर्ट हिलवर न्या. अंधेरी पश्चिमेला, गावदेवीच्या देवळाच्या पायऱ्या चढून. तो काळा उभा कातळ लाव्हारसाचा आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मग महाकाली लेणी दाखवा, तीही अंधेरीतच, तशाच काळ्या दगडात. तोच दगड पुढे वेरूळला भेटतो. तिथे माणसांनी वरून खाली खोदत अख्खं देऊळ काढलं. आणि लोणारला त्याच दगडावर आकाशातून अशनी आदळली, जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंदीचं विवर झालं. २०२० च्या जूनमध्ये तिथलं खारं पाणी गुलाबी झालं होतं. मुलांना सांगा, आपल्या घरामागचा दगड कुठवर जातो ते बघायला आपण निघालोय. मग "अजून किती वेळ?" हा प्रश्न कमी वेळा येईल. अजिबात येणार नाही असं नाही.

लोणारच्या काठावर मुलांचा हात सोडू नका. पाण्यात उतरू देऊ नका.

कधी जावं? दिवाळीच्या सुट्टीत किंवा डिसेंबरात. मे महिन्यात विदर्भाचा पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा लहान मुलांना घेऊन तिकडे जाण्यात शहाणपण नाही. आजोळ तिकडेच असेल, लग्न असेल, जावंच लागणार असेल, तर दुपारी बारा ते चार छपराखाली राहा आणि प्रवास सकाळी उरका. कुठल्याही ऋतूत मुलाला बंद गाडीत ठेवून उतरू नका. "दोन मिनिटांत पाणी घेऊन येतो" म्हणूनही नाही. उन्हात बंद गाडी बघता बघता तापते.

आता गाडीचं. घरची गाडी असेल तर आठवडाभर आधी सकाळी पार्किंगमध्ये उतरा आणि टायरजवळ उकिडवे बसा. टायरच्या बाजूला एक लांबट खूण असते, तिच्या शेवटी चार आकडे. २३१९ लिहिलं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी शाबूत दिसते म्हणून फसू नका. अंधेरीत गाडी उभीच जास्त असते, टायर झिजत नाही पण रबर म्हातारं होतं. बाजूला बारीक चिरा दिसल्या, किंवा पाच-सहा वर्षं उलटून गेली, तर लांबच्या वाटेला तो टायर नको. तासन् तास वेगात पळताना तो तापतो आणि फुटतो.

हवा किती भरायची तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. गाडी भरलेली असताना किती, तेही बहुतेक वेळा तिथेच असतं. टायर थंड असताना हवा बघा. स्टेपनीची बघायला विसरू नका, ती कुणी बघतच नाही. आणि जॅक लावून एकदा चाक बदलून पाहा. सोसायटीत, उजेडात, वॉचमनशी गप्पा मारत.

गाडी सीएनजीवर असेल तर डिकी अर्धी टाकीने खाल्लेली असते. म्हणून सामान मुलांच्या पायाशी आणि मागच्या काचेपाशी रचू नका. जोरात ब्रेक लागला की तिथली स्टीलची बाटली थेट डोक्यात येते. टपावर कॅरियर लावा, ताडपत्रीने बांधा, नाहीतर सामान कमी करा. समृद्धीवर सीएनजीच्या भरवशावर राहू नका, पंप लांब लांब आहेत. पेट्रोलची टाकी भरून निघा आणि अर्धी झाली की पुन्हा भरा.

गाडी भाड्याने घेणार असाल तर आधी नंबरपाटी बघा. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. ड्रायव्हरसकट येते तिची पाटी पिवळी, अक्षरं काळी. ओळखीतला कुणी आपली पांढऱ्या पाटीची गाडी स्वस्तात देत असेल तर नको म्हणा. खासगी गाडी भाड्याने देणं नियमात बसत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि तेव्हा ओळख कामाला येत नाही.

हल्ली मुलांना कॅरॅव्हॅनचं वेड असतं. अमेरिकेतल्या मावसभावाचे फोटो बघितलेले असतात, बसमध्येच पलंग, बसमध्येच स्वयंपाकघर. तिकडे अशा गाड्या उभ्या करायला जागोजागी तळ असतात, पाण्याचा नळ आणि विजेची जोडणी तयार. आपल्या सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण असे तळ अजून मोजके. ही गाडी घेतलीत तर रोज रात्री ती कुठे उभी राहणार हे निघण्याआधी फोन करून पक्कं करा. ढाब्यामागे लावू, असं धरून चालू नका. संडासाची टाकी कुठे रिकामी करायची, तेही विचारा.

आणि एक गोष्ट मुलांना आवडणार नाही. गाडी चालू असताना पलंगावर कुणी लोळायचं नाही. सगळ्यांनी पट्टा लावून खुर्चीत. तसंच रात्री एसीसाठी इंजिन चालू ठेवून, काचा बंद करून झोपू नका, मग ती कॅरॅव्हॅन असो की साधी गाडी. धूर आत साठतो. त्याला वास येतोच असं नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही. माझं मत विचाराल तर लहान मुलं असताना आपली नेहमीची गाडी आणि रात्री साधी स्वच्छ खोली हेच बरं. कॅरॅव्हॅनची हौस जवळच एखाद्या रात्रीपुरती भागवा.

पट्ट्याचा विषय निघालाच आहे. ४ सप्टेंबर २०२२ ला उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर अपघात झाला. गाडी भारीतली होती, दिवसाउजेडी होती. पुढचे दोघे वाचले, मागचे दोघे गेले. मागच्यांनी पट्टे लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. आपल्या घरांत मागची सीट म्हणजे मुलांची आणि आजीची जागा. तिथे पट्टे सीटखाली गेलेले असतात, वर कव्हर घातलेलं असतं. ते कव्हर आजच काढा.

चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास सीट हवीच, असं कायदा सांगतो. नाहीतर हजार रुपये दंड. दंडाचं सोडा. मुलाला सीटवर बसवा आणि पट्टा लावून बघा. पट्टा खांद्यावरून छातीवर आला पाहिजे आणि खालचा भाग मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडावर. तो गळ्याला घासत असेल किंवा पोटावर चढत असेल तर मूल अजून लहान आहे. उंची पावणेपाच फुटांच्या आसपास जाईपर्यंत खाली बूस्टर सीट लागते. उशी ठेवून भागवू नका, उशी सरकते. तान्ह्या बाळाची सीट मागच्या बाजूलाच लावा, एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीही नाही. बाळाला मांडीवर घेऊन पुढे बसणं तर सोडूनच द्या. आईचे हात कितीही घट्ट असले तरी धक्क्यापुढे ते टिकत नाहीत.

इथेच आजी-आजोबांचा प्रश्न येतो. चार मोठे आणि दोन मुलं पाच सीटच्या गाडीत बसवायची ही आपली जुनी सवय. मग एक पट्ट्याशिवाय राहतोच, आणि तो बहुधा सगळ्यात लहान असतो. आजी-आजोबांना सीएसएमटीवरून सुटणाऱ्या विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट काढून द्या. आदल्या दिवशी तुम्ही नागपूर गाठलेलं असेल, सकाळी त्यांना स्टेशनवर घ्यायला जा. त्यांचे गुडघे वाचतील, मुलांना जागा मिळेल. हे त्यांना तुम्ही स्वतः सांगा, सूनबाईंवर सोपवू नका.

मुलांना गाडी लागत असेल तर निघण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना विचारून गोळी किंवा औषध घ्या. वजनाप्रमाणे किती आणि प्रवासाच्या किती आधी, ते कागदावर लिहून घ्या. मोठ्यांची गोळी मोडून देऊ नका. उपाशीपोटी बसवू नका आणि दूध पाजून लगेच निघू नका. मोबाइलवर कार्टून लावून दिलंत की मान खाली जाते आणि पाच मिनिटांत ओकारी. समोर लांब बघायला लावा. आवळा सुपारी, आल्याची वडी जवळ असू द्या. जाड पिशव्या, जुना टॉवेल आणि एक कपड्यांचा जोड हाताशी ठेवा, डिकीत तळाला नाही.

शूचं आधीच ठरवा. समृद्धीवर हवं तिथे थांबता येत नाही, आणि कडेला गाडी लावणं धोक्याचं आहे. पंप दिसला की लागलेली असो-नसो, सगळ्यांनी उतरायचं. पंपावर स्वच्छतागृह आणि टायरची हवा फुकट मिळाली पाहिजे, कुलूप असेल तर किल्ली मागा, संकोच करू नका. लहान मुलींसाठी झाकणाचं छोटं भांडं बरोबर ठेवा. घरी हसतील, वाटेत आठवण काढतील.

खाणं घरचं न्या, निदान पहिल्या दिवसापुरतं. तूप-गुळाची पोळी गुंडाळून, मेथीचे ठेपले, केळी, राजगिऱ्याचे लाडू, काकडी. चिप्स आणि क्रीमची बिस्किटं देऊ नका, तहान वाढते आणि पोट बिघडतं. ढाब्यावर मुलांना वरण-भात किंवा दही-भात सांगा. तिखट रस्सा तुम्ही खा.

गाडी चालवणाऱ्याने दर दोन तासांनी उतरायचं. वेगाची मर्यादा ताशी १२० असली तरी मुलं मागे असताना शंभराच्या आत राहा. वीस किलोमीटर जास्त पळवून सबंध महामार्गावर फार तर तास-सव्वा तास वाचतो. त्याचं तुम्ही काय करणार आहात?

गाडी बंद पडलीच तर डावीकडे कडेला घ्या, चारी इंडिकेटर लावा आणि आधी मुलांना डाव्या दाराने उतरवून कठड्यापलीकडे न्या. गाडीत बसवून ठेवू नका. मागून येणाऱ्या गाड्यांचा जास्त धोका असतो. मग लाल त्रिकोण मागे लांब ठेवा. ११२ ला फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८. कडेच्या पाटीवरचा किलोमीटरचा आकडा वाचून सांगा आणि गाडी नागपूरकडे जात होती की मुंबईकडे, तेही सांगा. हे फोन नंबर मोबाइलमध्ये आहेत म्हणू नका. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून पुढच्या खणात ठेवा. मुलांच्या डॉक्टरांचा नंबर त्याच कागदावर.

औषधांच्या डब्यात मुलांचं तापाचं औषध, थर्मामीटर, ओआरएसच्या पुड्या, पट्ट्या आणि रोजची औषधं दोन दिवस जास्तीची. दम्याचा पंप असेल तर तो पर्समध्ये.

टोलचं एक. राष्ट्रीय महामार्गांसाठी फास्टॅगचा वार्षिक पास निघालाय. तो समृद्धीवर चालत नाही, तो रस्ता राज्याचा आहे. फास्टॅगमध्ये पैसे भरून निघा. थोडी रोकड आणि सुटे जवळ ठेवा, सगळीकडे नेटवर्क मिळत नाही.

घराचं तुम्हाला माहीतच आहे. गॅसचा कॉक, पाण्याचे नळ, दूधवाला, पेपरवाला. किल्ली शेजाऱ्यांकडे द्या. सोसायटीच्या ग्रुपवर प्रवासाचे फोटो मात्र परत आल्यावर टाका.

परतीचा बेत जाण्याआधीच करा. परतताना सगळ्यांना घाई होते, आणि चार दिवसांत नीट केलेला प्रवास एका रात्रीत उरकायचा मोह होतो. नागपूरहून निघून शिर्डीला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सकाळी निघा, म्हणजे भिवंडी बायपास दुपारच्या आत ओलांडाल. संध्याकाळी तिथे अडकलात तर मुलं, तुम्ही आणि क्लच तिघंही दमतात. शाळा सोमवारी असेल तर शनिवारी घरी या. रविवारी मुलांना झोपू द्या.